डेनिस म्हणाला, पस्तीसचा घाल

माझ्या नवऱ्याचा, ट्रेव्हरचा, आयुष्यात एकाच मोटरसायकलवर जीव जडला, आणि तीही त्याची नव्हती. थोरल्या भावाची होती, डेनिसची. दोन सिलिंडरची, साडेसहाशेची, टाकी लालभडक. डेनिसने ती घेतली तेव्हा इंग्लंडमधल्या आमच्या ओल्ड हिल गावच्या त्या अख्ख्या गल्लीत दुसरी मोटरसायकल नव्हती. दोन उन्हाळे त्याने ट्रेव्हरला मागे बसवून क्लेंटच्या टेकड्या पालथ्या घातल्या, एकदा तर पार वेल्समध्ये बारमथला समुद्रावर नेऊन आणलं. मग डेनिसने ऑस्ट्रेलियाची बोट धरली. जाताना किल्ली ट्रेव्हरच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "छोट्या, नीट सांभाळ हं तिला. मी आलो की पुन्हा बारमथला जाऊ."

झालं! एवढं बोलून तो मोकळा झाला, आणि इकडे माझ्या नवऱ्याने ते वाक्य जन्मभर उराशी धरलं.

ट्रेव्हर साखळ्यांच्या कारखान्यात होता. आमच्याकडे निम्मा गाव तिथेच असायचा. हा चाचणीच्या शेडमध्ये. जहाजाच्या नांगराच्या साखळ्या यंत्रावर ताणायच्या, नमुन्याचा तुकडा तुटेपर्यंत ओढायचा, आणि मग कडीवर आकडा ठोकायचा. कान त्यातच गेले. अजून हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळतो, आणि तेही जेवायला बोलावलं तरच. स्वभावाने गरीब. पबमध्ये कुणी टिंगल केली तर आपणच आधी हसेल. कांदे लावतो, रविवारी चॅपेलमध्ये मागच्या बाकावर बसून डुलक्या घेतो, आणि गुरुवारी करडे वाटाणे आणि बेकन शिजवलं नाही तर तोंड पाडून बसतो. असा हा साधा माणूस.

पण त्या गाडीवर तो स्वतः फारसा बसला नाही. सुरू करायचा, गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अरे, एवढी गाडी आहे, मला तरी फिरव कुठे!" तर म्हणाला, "पुढे बसलं की मजा येत नाही गं, पॉलीन. मला ती मागूनच आठवते. डेनिसचं जाकीट, त्याला येणारा तेलाचा वास, आणि वाऱ्यात तो ओरडून काहीतरी सांगायचा, मला ऐकू यायचं नाही, तरी मी हो हो म्हणायचो."

आता अशा माणसाशी भांडायचं तरी काय!

डेनिस मधे एकदाच आला, सासूबाई गेल्या तेव्हा. जानेवारी होता, रस्ते गोठलेले. घरामागच्या शेडमध्ये जाऊन त्याने गाडीच्या टाकीवर हात फिरवला आणि चौथ्या दिवशी परत गेला. त्यानंतर गाडीच्या तारांवरचं कापडी वेष्टण कुजलं, तुकडे पडायला लागले, आणि ती बंद पडली ती पडलीच. ट्रेव्हर तिला पुसायचा मात्र नेमाने. शेडमध्ये जाऊन कधीकधी नुसता मागच्या सीटवर बसायचा. मी खिडकीतून बघायचे आणि भांडी घासत राहायचे.

आणि मग त्या वसंतात डेनिसचा फोन आला. "छोट्या, उन्हाळ्यात येतोय. डॉक्टर म्हणतो, एवढा लांबचा प्रवास आता शेवटचाच. गाडी तयार ठेव. बारमथ नाही जमणार, पण क्लेंटपर्यंत जाऊ. तू मागे, मी पुढे."

फोन ठेवून ट्रेव्हर माझ्याकडे वळला. सत्तरी उलटलेला माणूस, आणि चेहरा असा, की जणू याला कुणी जत्रेला न्यायचं कबूल केलंय. मला रडूच आलं. म्हटलं, देवा, एवढं एक होऊ दे याचं.

तर आता वायरिंग. यात मात्र मी त्याच्या वरचढ. लग्नाआधी मी बर्मिंगहॅमला मोटारींचं वायरिंग बांधायच्या खात्यात होते. मोठ्या फळीवर खिळे ठोकलेले असायचे, खिळ्याखिळ्यातून रंगीत तारा ओढायच्या, जुडगा करायचा आणि पट्टी गुंडाळायची. आम्ही सगळ्या बायाच. बोटं चालायची आणि तोंडंही. ट्रेव्हरने शेडमधलं जुनं दार दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं, मी खिळे ठोकले, आणि आम्ही दोघं त्या दाराशी बसलो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एकमेकांशी इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

जुन्या गाडीला सबंध मिळून एकच फ्यूज. बॅटरीच्या मायनसच्या तारेत, कारण तेव्हा आमच्याकडे प्लस सांगाड्याला जोडायची पद्धत होती. काचेची नळी, आत पातळ तार आणि चिमुकली कागदाची पट्टी, तिच्यावर छापलेलं : पस्तीस. तो उडाला की दिवा गेला, हॉर्न गेला, इंजिन गेलं. भर रस्त्यात अंधारात ठप्प! म्हणून ट्रेव्हरने ठरवलं की आता नव्या पद्धतीची फ्यूजपेटी बसवायची, प्लास्टिकच्या रंगीत पात्यांचे फ्यूज असतात ती. पुढच्या दिव्याला दहाचा, हॉर्न आणि ब्रेकच्या दिव्याला मिळून पाचचा, इंजिनच्या ठिणगीला वेगळा, म्हणजे दिवे गेले तरी गाडी घरी येईल. आणि या सगळ्यांच्या आधी, बॅटरीशी, एक मोठा. इथवर आमचं एकमत होतं.

मोठा किती अँपिअरचा, यावर घोडं अडलं.

ट्रेव्हरने डेनिसला फोन लावला. कशाला लावलास म्हणून विचारू नका, हा माणूस भावाला विचारल्याशिवाय मोजे बदलत नाही. माझ्याशी लग्न करायचं तेव्हासुद्धा त्याने ऑस्ट्रेलियाला पत्र टाकलं होतं. उत्तर यायला दीड महिना लागला आणि मी इथे ताटकळत बसले.

डेनिस म्हणाला, "त्यात विचारायचं काय? पस्तीसचा होता, पस्तीसचाच घाल."

मी म्हटलं, "अजिबात घालायचा नाही. पंधराचा घाल."

"डेनिस म्हणाला पस्तीस."

"डेनिस तिकडे बसल्या जागेवरून हुकूम सोडतोय! ट्रेव्हर, मला सांग, साखळीवर तू कुठला आकडा ठोकायचास? ती तुटते तो, की तिने रोज उचलायचा तो?"

"उचलायचा. तुटायचा कोण ठोकतो? माणसं मरतील."

"मग नीट ऐक. आमच्या जुन्या काचेच्या फ्यूजवर तुटायचा आकडा छापायचे. पस्तीसला तो वितळणार. रोज वाहून नेणार त्याच्या निम्मं, सतरा. या नव्या पात्यांवर उचलायचा आकडा असतो. नवा पस्तीसचा म्हणजे पस्तीस अँपिअर तो दिवसभर वाहून नेईल आणि हूं की चूं करणार नाही. आणि आपली तार केवढी? माझ्या विणायच्या लोकरीएवढी. फ्यूज दिव्याला वाचवायला नसतो रे, तारेला वाचवायला असतो. आधी जायचं ते त्याने."

ट्रेव्हरला कळलं. त्याच्या डोळ्यांत दिसलं मला की कळलंय. ज्याने जन्मभर साखळ्या तोडल्या त्याला हे कळणार नाही तर कुणाला! हातातली तार गुंडाळत म्हणाला, "पण गाडी त्याची आहे ना, पॉलीन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून आत गेले आणि चहाची किटली आपटली.

पस्तीसचं पातं सहजी मिळतही नाही. त्याने तीन दुकानं पालथी घातली. शेवटचा दुकानदार म्हणे, "पस्तीसचा? काय आजोबा, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावरची सगळी रोषणाई पेटवताय का?" ते सगळं मला हसत हसत सांगत त्याने ते पातं बसवलं.

डेनिस यायला आठवडा राहिला तेव्हा गाडी बाहेर काढली. तिसऱ्या लाथेला सुरू झाली. तो आवाज! शेजारची मॉरीन चहाचा कप घेऊन दारात आली. ट्रेव्हर खदखदा हसत होता. त्याने पुढचा दिवा लावला, हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, आणि टाकीखालून धूर आला.

आधी मला वाटलं, जुनं तेल जळतंय. मग तो वास आला, जळत्या रबराचा, आणि ट्रेव्हर ओरडला. हँडलच्या मानेपाशी, छोट्या फ्यूजांच्या आधीची, बॅटरीकडून येणारी तार घासली होती. सांगाड्याला पूर्ण टेकली असती तर कुठलाही फ्यूज उडाला असता, पण ती जरा जराशीच टेकत होती आणि तेवढ्यानेही तारेला झेपणार नाही इतकी वीज खेचत होती. पंधराच्या पात्याने तिथल्या तिथे मान टाकली असती. पस्तीसचं आरामात बसून राहिलं. ट्रेव्हरने उघड्या हाताने बॅटरीची तार उपटली, दोन बोटं भाजली, पण तोवर आम्ही दोघांनी बांधलेलं सगळं वायरिंग पुढून मागेपर्यंत वितळून एकमेकांना चिकटलं होतं.

त्याने पेटी उघडली, ते पातं काढलं आणि उजेडात धरलं. "पॉलीन, हे बघ. याला काहीच झालं नाही गं."

"सांगितलं होतं मी," मी म्हटलं. म्हणू नये अशा वेळी, पण मी म्हटलंच. तो पायरीवर बसला. "आता तो येईल आणि गाडी नसेल," एवढंच म्हणाला, आणि मग त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळी डेनिसचा फोन आला. "काय छोट्या, झाली का राणी तयार?" ट्रेव्हर भाजलेला हात पाण्याच्या भांड्यात बुडवून म्हणाला, "होतेय, होतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दार पुन्हा घोड्यांवर चढलं. मी पुन्हा खिळे ठोकले. या वेळी मानेपाशी तारांना जाड नळी घातली आणि वळणाला ढील ठेवली. मोठ्या फ्यूजची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम तोंड मिटून बसले. ट्रेव्हरने खिशातून निळं पातं काढलं. पंधराचं. कुणाला फोन केला नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही, दाबून बसवलं. भावाला न विचारता या माणसाने केलेली ही पहिली गोष्ट.

डेनिस आला. उंच, वाळलेला, उन्हाने रापलेला, आणि आवाज तोच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा. मी दिलेला कप त्याने दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत चहा सांडला. मी पाहिलं, त्याने पाहिलं की मी पाहिलं, आणि आम्ही दोघंही हवामानाबद्दल बोललो.

पण गाडी बघितल्यावर गडी खुलला! हेल्मेट चढवलं, पाय टाकून पुढे बसला, हँडल धरलं. ट्रेव्हर मागे बसायला तयार, त्याचं तर हेल्मेट केव्हापासून डोक्यावर. डेनिसने टाकीवर थाप मारली आणि सहज विचारलं, "पस्तीसचाच घातलास ना?"

हो म्हणायला काय जात होतं? मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण हो! कोण बघणार आहे पेटी उघडून!

पण ट्रेव्हरला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. म्हणाला, "नाही. पंधराचा आहे. तुझा पस्तीसचा घातला होता. सगळं जळलं. पुन्हा केलं आम्ही."

डेनिसने हेल्मेटच्या आतून त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं. हँडलवरचे त्याचे स्वतःचे हात थरथरत होते. इंजिन अजून सुरूही नव्हतं. तो हळूहळू खाली उतरला.

"तू चालव, छोट्या," तो म्हणाला. "गाडी तुझीच आहे. मी बसतो मागे."

"नाही नाही, डेनिस, तू..."

"बस म्हणतो ना!"

आणि ट्रेव्हर बसला. डेनिस बस म्हणाला ना. त्याचा चेहरा मला हेल्मेटच्या काचेतून दिसला आणि मी ॲप्रनमध्ये तोंड खुपसलं.

दुपारी दोघं परत आले. गाडीने एकदाही कुरकुर केली नव्हती. डेनिस आत येऊन मोठमोठ्याने सांगत होता, टेकडीवरून सगळं कसं दिसलं, छोट्या म्हाताऱ्या बाईसारखा कसा चालवतो. मी हसले, त्याला भाजी वाढली, आणि शेडमध्ये गेले.

ट्रेव्हर हेल्मेट न काढता उभा होता.

"काय झालं रे?"

"वळणावर त्याने मला घट्ट धरलं गं," तो म्हणाला. "शर्ट मुठीत आवळून. आरशात पाहिलं तर डोळे मिटलेले. हळू चालव, हळू चालव म्हणत होता. घाबरला होता, पॉलीन. आपला डेनिस घाबरला होता." त्याने मागच्या सीटवर हात ठेवला. "आता मी कुणाच्या मागे बसू?"

मी त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली, "छोट्या! चहा निवतोय तुझा!"

एकाच हाकेला त्याला ऐकू आलं. त्याने बाहीने तोंड पुसलं, "आलो, आलो," म्हणाला आणि धावतच गेला.