मिरच्यांचा मुक्काम

आज मी जो काही आहे तो शेजारच्या नानांमुळे, आणि नानांइतका अस्वस्थ माणूस आमच्या शिंदखेडा तालुक्यात दुसरा झाला नसेल. फौजेत वायरलेसवर काम करून निवृत्त झालेले, पण चहासुद्धा उभ्यानेच घ्यायचे, तोही एक डोळा आभाळाकडे ठेवून. बारावीनंतर माझं शिक्षण थांबवायचं माझ्या वडिलांनी, आबांनी ठरवलं, तेव्हा नाना रोज सकाळी आमच्या अंगणात येरझारा घालू लागले. "पोऱ्याले शिकू दे, आबा," एवढंच म्हणायचे. सारवलेल्या अंगणात त्यांच्या बुटांची वाट पडली, तेव्हा आई वैतागून म्हणाली, "धाडा एकदाचं त्याले धुळ्याले." मी धुळ्याला फिजिक्स शिकायला गेलो.

पुढे आखातातल्या युद्धाच्या बातम्या टीव्हीवर लागल्या आणि नानांची उरलीसुरली झोप उडाली. उपग्रहावरून सगळं दिसतं, हे त्यांना कळलं. दिवस मिरच्या वाळवण्याचे. नाना आपल्या मिरच्या आज घराच्या धाब्यावर, उद्या खळ्यात, परवा शाळेमागे पसरू लागले. लाल खूण एकाच जागी राहिली तर शत्रूला गाव नेमकं सापडेल, असं त्यांचं म्हणणं. "मिरच्या वाळतीन कव्हय?" त्यांच्या पत्नी अक्का कुरकुरायच्या. "रोज त्यासनी वरात काढतस तुम्ही." पारावरची मंडळी तर नाना दिसले की आभाळाला सलाम ठोकायची.

सुट्टीत मी त्यांना समजवायला गेलो, तेव्हा नानांनी लढाईतली गोष्ट सांगितली. त्यांचा तंबू एकाच जागी राहिला, शत्रूच्या विमानाने फोटो काढला आणि तोफेचा गोळा बरोबर तिथेच आला. नाना एरियलची तार बांधायला बाहेर आले होते. सोबती आत होता. आणि आता नानांचा एकुलता मुलगा सीमेवर तसल्याच तंबूत राहत होता.

"आपला डोळा शे का वर?" त्यांनी विचारलं.

"आहे ना, नाना. पिकं दिसतात, नद्या दिसतात," मी पुस्तकातलं सांगितलं.

"पिकं ते मी बी देखस. समोरन्या तोफा कोण देखी?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलाच नाही. एम.एस्सी. झालो, उपग्रहांच्या केंद्रात नोकरी लागली, आणि पहिल्याच महिन्यात मी नानांना पत्र टाकलं:

"तीर्थरूप नानांस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. कामाबद्दल लिहायची इथे परवानगी नाही, त्यामुळे विचारू नये. तुमच्या त्या प्रश्नामागे इथे बरीच माणसं लागली आहेत, त्यांत आता मीही आहे, एवढं समजा. यंदा मिरच्या एकाच जागी वाळत घाला. आणि चहा बसून घ्या."