मंडईच्या भोंग्यावरची कॅसेट

जुन्या कॅसेटची डबी उघडली की तापलेल्या टेपचा वास येतो, आणि मी ब्रह्मपुरीजवळच्या एका मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, नाटकाच्या मंडपामागे जाऊन पोचतो.

टीव्हीला जोडायच्या माझ्या कॉम्प्युटरकडून सूर काढून घेणारा प्रोग्राम या कॅसेटवर होता. तेव्हा प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपातच साठवले जात. एटापल्लीहून मंडईला आलेल्या माझ्या मित्राकडे, दिवाकरकडेही, तसाच कॉम्प्युटर. त्याला नक्कल हवी होती. एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवणारा दोन कॅसेटांचा टेपरेकॉर्डर फक्त नाटकाच्या माईकवाल्याकडे. त्याला चहा पाजून मी नक्कल सुरू केली. भोंगा बंद करायचं तेवढं विसरलो.

कर्कश किंचाळी गावभर घुमली. बैल बिथरले. नाटक मंडळाचे अध्यक्ष धावत आले.

"काऊन बे, डुक्कर कापून राह्यला का?"

"भाऊ, संगीत आहे थे!"

"बंद कर पह्यले!"

मधेच कशालाही हात लावला असता तर नक्कल बिघडली असती, आणि दिवाकरची बस तर निघायलाच आली होती. मी टेपला पाठ लावून उभा राहिलो.

"मले मारा भाऊ, पण टेपले हात नाई लावायचा!"

तेव्हा कान लाजेनं लाल झाले होते. आज छाती फुगते. पुण्या-मुंबईच्या मंडपांत तेव्हा जुनीच गाणी वाजत होती. कॉम्प्युटरचं संगीत आधी आमच्या मंडईनं ऐकलं. शिव्या देत का होईना, शेवटपर्यंत ऐकलं.