मनोरीच्या उद्यानातला डबा आणि माझा लाडू

चौथी शिकलेल्या बाईने ब्लॉग लिहू नये असा कायदा नाही, म्हणून लिहिते. टाईप मी एका बोटाने करते. चुका नात निशा काढते, आणि तिने काढलेल्यातल्या आवडत्या मी परत घालते.

निशाच्या फोनमध्ये जिओकॅशिंग नावाचा खेळ आहे. जगभर माणसं कुठेतरी डबा लपवतात आणि जागा फोनवर टाकतात. आपण बाण बघत जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. मी म्हटलं, माझं अर्धं आयुष्य झाकणं आणि डबे शोधण्यात गेलं, मला ने.

दिंडोशीहून मालाड स्टेशनला रिक्षा, तिथून मार्वेची बस. सकाळीच निघा, उशिरा त्या रस्त्याची वाट लागते. धक्क्यावरून मनोरीला बोट. तिकीट किरकोळ, सुटे ठेवा. बोटीत माणसांबरोबर स्कूटरही चढतात. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, आम्ही मालवणच्या, आम्हाला पाण्याची भीती नाही. मग बोट हलली आणि मी परक्या स्कूटरचा आरसा धरला तो पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही. स्कूटरवाल्याने तो धरू दिला. चांगल्या घरचा असावा.

गावाच्या टोकाला जवानांचं छोटंसं स्मृती उद्यान आहे. काळा दगड, त्यावर इथून सैन्यात गेलेल्या आणि परत न आलेल्यांची नावं, आणि प्रत्येकाच्या नावाने एक झाड. सावली छान, पाणी घेऊन जा, शौचालय नाही. हे लिहू नकोस असं निशा म्हणाली, पण माझ्या वयाच्या बायका आधी तेच विचारतात.

फोनवर कोडं होतं: शेवटचं नाव वाचा आणि त्याच्या झाडाकडे जा. आता मला मनात वाचता येत नाही. शाळेत मोठ्याने वाचायला शिकले, पुढे मनात वाचायचा धडा यायच्या आत शाळा सुटली. म्हणून पहिल्यापासून सगळी नावं अक्षर लावत, अडखळत, खणखणीत वाचली. निशा इकडेतिकडे बघायला लागली.

मागच्या बाकावर एक कोळीण बसली होती, मांडीवर सुक्या बोंबलांची टोपली. ती म्हणाली, "ते शेवटचं परत वाच गो बाय."

मी परत वाचलं, हरेश. तिचा मुलगा. तिचं नाव तुळसाबाई. मग आम्ही दोघी बसलोच. तिने सांगितलं, पूर्वी इकडे कुत्रं फिरकत नसे. डबा आल्यापासून लांबलांबची पोरं येतात, दगडापुढे उभी राहतात. वाचतात, पण मनात. तिला वाचता येत नाही, त्यामुळे त्यांनी हरेशपर्यंत वाचलं की नाही ते कळत नाही. तरी येतात हेच बरं, म्हणाली.

तोवर निशाला डबा सापडला. नेमका कुठे ते सांगायचं नसतं. झाडावर नाही एवढंच सांगते, कारण मी वर बघून मान दुखवून घेतली. तिने एक शिंपला घेतला, एक बिल्ला ठेवला. पण दुसऱ्याचा डबा हातात आला आणि घरचं काही न घालता परत केला, असं आमच्यात होत नाही. ती नाव लिहीत होती तेवढ्यात मी पिशवीतला शेव-गुळाचा कडक खटखटा लाडू आत सरकवला. स्वतःवर फार खूश होते.

तुळसाबाईने घरी जेवायला नेलं. भाकरी, बोंबलाचं कालवण, मी दोनदा वाढून घेतलं. परत येतो तर उद्यानाची देखभाल करणारे निवृत्त सुभेदार डबा उघडून उभे. डब्यापासून हातभर मुंग्यांची रांग, दुसरी नावांच्या दगडावर चढलेली. त्यांनी गावाला आधीच सांगितलं होतं, घाण झाली की डबा बंद. आज बंद, म्हणाले.

 तुळसाबाईने टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. 

मी पुढे झाले. "लाडू माझा आहे."

"आत खाणं ठेवायचं नसतं, एवढं कळत नाही?"

"मग रिकाम्या हाताने डबा परत करायचा?"

 तुळसाबाई म्हणाली, "भाऊ, तुझ्या घरून माझा डबा कधी रिकामा आलाय का?"

ते हसले नाहीत. पण नळ कुठे आहे ते त्यांनी मला दाखवलं. मी डबा घासला, पुसला, उन्हात धरला आणि दगडावरच्या मुंग्या पदराने एकेक झटकल्या. आयुष्यात इतका स्वच्छ डबा घासला नसेल. निशा फोटो काढत होती, ते मी इथे टाकू देणार नाही. डबा राहणार की नाही ते सुभेदारांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. परतीच्या बोटीत मी कोणाचा आरसा धरला नाही, पाण्याकडे लक्षच नव्हतं.

घरी दोन दिवस मी निशाला फोन बघायला लावत होते. काल तिने दाखवलं. डबा आहे. खाली दोन ओळी नव्या आल्यात. आत खाद्यपदार्थ ठेवू नयेत, ही सुभेदारांची. नावं मोठ्याने वाचावीत, ही तुळसाबाईने त्यांना घालायला लावली असणार.

तेव्हा जाल तर लाजू नका. बाकावर ती असेल किंवा नसेल. शेवटपर्यंत वाचा, अडखळलात तरी चालेल.