विसाव्या मजल्यावरची उफणणी

माझ्या धुतलेल्या साड्यांवर ज्वारीचं भुसकट पडलं, तेव्हा मी वर विसाव्या मजल्यावर भांडायलाच गेले होते. सदाशिव पेठेतून खराडीच्या या टॉवरमध्ये राहायला आले, तरी भांडायची सवय काही तिकडे ठेवून आले नव्हते.

त्या घरच्या सुनेनं दार उघडलं आणि गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे धोतर-टोपीतले आजोबा डोक्यावर सूप धरून उभे होते. सूप जरासं तिरकं करून ते ज्वारी हळूहळू सोडत होते. दाणे चादरीवर पडत होते आणि भुसकट वाऱ्याबरोबर माझ्या साड्यांकडे निघालं होतं.

"अहो आजोबा, माझी गॅलरी म्हणजे काय खळं आहे?" मी विचारलं.

"खळं खाली व्हतं, ताई. तुमच्या गाड्या लागत्यात ना, तिथं," सूप खाली न घेताच ते म्हणाले. "उफणायला तिवईवर चढायचो आन् वाऱ्याची वाट बघत ऱ्हायचो. पान हलायचं न्हाई." मग गॅलरीबाहेर बघून हसले. "जमीन गेली, पर तिवई लई उंच मिळाली बघा."

मी खाली येऊन साड्या आत घेतल्या.

आता लेकीच्या शेतातली ज्वारी आली की आजोबा आधी माझी बेल वाजवतात. "ताई, कपडे आत घ्या. वारा सुटलाय."

मी दोरीवरचे कपडे आत घेते आणि गॅलरीतच उभी राहते. भुसकट माझ्यासमोरून तरंगत खाली जातं आणि गाड्यांच्या टपांवर पडतं, पूर्वी जिथं पडायचं तिथंच.