पट्टा की बॉलस्क्रू

रहाटणीच्या आमच्या फ्लॅटला ड्राय बाल्कनी आहे. तिथे वॉशिंग मशीन ठेवायचं, असं बिल्डर धरून चालला होता. मी तिथे सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कापणारं मशीन, बांधायला घेतला. वॉशिंग मशीन बाथरूममध्ये गेलं आणि तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक माणूस तिरका उभा राहून अंघोळ करतो.

मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मशीनचे प्रोग्राम लिहिते. इथे काप, तिथे भोक पाड, असं दिवसभर कंपनीच्या मशीनला सांगायचं. आपलं स्वतःचं एक छोटं मशीन असावं, लाकूड कापणारं, असं बरीच वर्षं मनात होतं. ॲल्युमिनियमची फ्रेम माझी मीच जोडली. तिच्यावर बसवलेली कापायची मोटर हाताने ढकलली की छान पुढेमागे सरकायची. सासूबाई येता-जाता तिला एक धक्का देऊन बघायच्या.

"चांगलं पळायलंय की. आता काय राहिलंय?" त्या मूळच्या बीडकडच्या. इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण बोलणं तिकडचंच.

राहिलं होतं ते हेच, की हाताऐवजी ढकलणार कोण. त्यासाठी आणखी एक मोटर लागते, पण ती फिरते गोल आणि आपल्याला हवं असतं सरळ जाणं. म्हणून मधे एक तर शिलाई मशीनला असतो तसा पट्टा लावायचा, फक्त दातेरी. नाहीतर लांबलचक स्क्रू, ज्याच्यावरून नट पुढेमागे जातो. मला स्क्रू हवा होता, तोही साधा नाही, बॉलस्क्रू. त्याच्या नटच्या पोटात बारीक पोलादी गोळ्या फिरतात, म्हणून तो लोण्यासारखा चालतो आणि जरासुद्धा ढिला नसतो. कंपनीत मी दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं.

नवरा म्हणाला, "पट्टा लाव."

माझा नवरा शाळेत गणित शिकवतो. घरातला बल्ब बदलायलाही तो वॉचमनला बोलावतो. पण मी फ्रेम जोडत असताना त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली होती, आणि आता तो चहा ढवळता ढवळता पट्ट्याच्या ताणाविषयी बोलायला लागला होता.

"पट्टा ताणला जातो. माप चुकतं," मी म्हणाले.

"लाकूडच कापायचंय ना? का रॉकेट बनवायचंय? आणि लांब स्क्रू जोरात फिरवला की दोरीच्या उडीसारखा उडतो. मी बघितलंय."

"कुठे बघितलंस?"

"रशियातल्या एका माणसाने दाखवलंय."

त्यानंतर हा रशियातला माणूस आमच्या घरी राहायलाच आला. जेवताना त्याचं मत, भाजी निवडताना त्याचं मत. सासूबाई एकदा म्हणाल्या, "सोफा घेताना एवढं भांडला नव्हता तुम्ही."

शेवटी मी कोणालाच न विचारता मोकळी झाले. गुरुवारी आमच्या कंपनीला सुट्टी असते. त्या दिवशी सकाळीच भंगारवाल्याकडे गेले आणि एका मोडीत निघालेल्या मशीनचा बॉलस्क्रू घेऊन आले. तेलाने माखलेला, माझ्यापेक्षा उंच. स्कूटरवर पायापाशी तिरका टेकवला, तरी खांद्यावरून मागे हातभर बाहेर. काळेवाडीजवळ ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी मारली.

"मॅडम, साइडला घ्या. हे काय आहे?"

"बॉलस्क्रू."

"म्हणजे?"

"बाल्कनीत बसवायचाय."

"पडद्याचा रॉड होय!" त्याचा जीव भांड्यात पडला. "मग मागं लाल फडकं बांधा की."

लाल काही नव्हतं. माझी ओढणी हिरवी होती. तो म्हणाला, चालेल.

घरी आल्यावर हॉलमध्ये पेपर पसरून मी त्याच्यावर स्क्रू आडवा ठेवला आणि अंगावरचं तेल धुवायला बाथरूममध्ये गेले. तेवढ्यात नवरा शाळेतून आला असावा. कारण मला फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज ऐकू आला, फक्त तो थांबेचना.

केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आले. नवरा हॉलच्या मधोमध उभा. हातात रिकामा नट, आणि चारी बाजूंना पोलादी गोळ्या पळत सुटलेल्या, सोफ्याखाली, फ्रिजखाली, ड्राय बाल्कनीकडे.

"मी फक्त फिरवून बघत होतो," तो म्हणाला. "इतका छान फिरत होता! फिरत गेला, फिरत गेला आणि…"

"आणि स्क्रू संपला."

"काय सांडलं गं? साबुदाणा का?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"आई, पाऊल टाकू नका, घसराल!"

त्या स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या, पण सूत्रं हातात घेतली. फ्रिजवरचं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं मॅग्नेट काढून त्यांनी नवऱ्याकडे फेकलं. तो शाळेच्या पँटमध्येच रांगत सोफ्याखाली शिरला आणि गोळ्या चिकटलेली स्ट्रॉबेरी घेऊन बाहेर आला. तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू तळहात पुढे करून उभ्या होत्या. "हे तुमच्याकडनं पडतंय का? आमच्या पापडांवर आलं."

मला खरं तर भयंकर चिडायचं होतं. पण तो खाली मान घालून चहाच्या गाळणीत गोळ्या धूत बसला, तेव्हा मला हसू आवरेना. शिवाय तो अंघोळीला गेल्यावर मी स्क्रू फरशीवरून घरंगळवून पाहिला होता. तो मधे किंचित वाकलेला होता. हे मी कोणाला बोलले नाही.

संध्याकाळी तो म्हणाला, "नवीन बॉलस्क्रू आणू. माझी चूक झाली."

"नको रे. पट्टाच बरा."

"पट्टा ताणला जातो."

"लाकूडच तर कापायचंय."

"म्हणून काय झालं? माप चुकतं!"

"मग तुझा रशियातला माणूस?"

"त्याला काय कळतंय!"

सासूबाई टीव्ही बंद करून आमच्याकडे बघत राहिल्या. "अरे, काल तर उलटं बोलायलते की तुम्ही!"

अखेर आडव्या हालचालीला पट्टे लावले. वर-खाली जायला साधा, आट्यांचा स्क्रू, म्हणजे लाइट गेली तरी मोटर वजनाने खाली घसरत नाही. पट्टे नवऱ्याने ताणले, तानपुरा लावल्यासारखे, बोटाने छेडून, कान लावून.

सासूबाईंसाठी पहिला पोळपाट कापला. निघाला अंड्यासारखा. नवऱ्याने शाळेचा कंपास आणून तो गोलच असल्याचं सिद्ध करायचा प्रयत्न केला आणि गणितात हरला. पट्टे पुन्हा ताणल्यावर दुसरा पोळपाट बांगडीसारखा गोल आला. सासूबाईंनी तो ठेवून घेतला आणि अंडाकृती पोळपाट बीडला बहिणीकडे नेला, "सुनेनं कॉम्प्युटरवर केलाय" असं सांगत.

गेल्या आठवड्यात तिकडून फोन आला. गल्लीतल्या बायकांना तसलाच पाहिजे, गोल नको, गोल तर बाजारातही मिळतो. मशीन आता अगदी अचूक गोल कापतं. त्यामुळे मी रोज चाकणच्या बसमध्ये बसून, प्रोग्राममध्ये तेवढीच चूक पुन्हा कशी आणायची, त्याचा हिशोब करतेय.