दहा-दहा सेकंदांनी पुढे

आमच्या मुलुंडच्या घरात सेन्सॉर बोर्डाची एक शाखा आहे. सभासद एकच, आणि अध्यक्षही तोच: माझा नवरा. पडद्यावर दोन माणसं एकमेकांच्या हातभर अंतरात आली की याचा अंगठा रिमोटवर पडतो आणि चित्र दहा सेकंद पुढे उडी मारतं. तरी ती लांब गेली नसतील तर आणखी दहा. पूर्वी बिचाऱ्याला चॅनल बदलावा लागायचा. आता विज्ञानानं प्रगती केली आहे. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या काळात आमच्या टीव्हीवर कोणी कोणाला मिठी मारलेली नाही. पुढच्या प्रसंगात मुलं मात्र झालेली असतात.

अशा घरात आमच्या मुलीनं प्रेमकथा दाखवायचं ठरवलं. हिंमत बघा.

कारणही तसंच होतं. पुढच्या रविवारी बोरिवलीचं एक स्थळ हिला पाहायला येणार होतं. हिला हवा होता पवईचा, तिथं इंजिनिअरिंग शिकलेला एक मुलगा. तो संशोधनासाठी दोन वर्षं परदेशी निघाला होता आणि 'थांबशील का' असं विचारून बसला होता. हे फक्त मला माहीत होतं, म्हणून गेले आठ दिवस मी नवऱ्याशी नुसती भाजीच्या भावावर बोलत होते.

"बाबांना सरळ सांगितलं तर ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "पण पिक्चर बघून रडतात ना ते. रडले की लगेच सांगते."

"रडवायलाच हवं असेल तर बाजारात सुरमई संपली म्हण. जपानपर्यंत कशाला जातेस?"

"आई, प्लीज गं!"

तर शनिवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे तिकडचा कार्टूनचा सिनेमा, लागला. हाणामारी नाही, शिवीगाळ नाही, आजीसकट बघावा असा. गोष्ट साधी: मुलगी पृथ्वीवर घड्याळं दुरुस्त करते, मुलगा दूरच्या ताऱ्याजवळ कामाला निघतो. बोलणं जपानी, खाली ओळी इंग्रजी. माझ्या सासूबाईंना दोन्ही येत नाही, म्हणून आमची मुलगी ओळी वाचून मराठीत सांगत होती. सासूबाई मालवणच्या. सत्तर वर्षं मुंबईत काढली, पण भाषेला इथलं पाणी लागू दिलेलं नाही.

सगळं छान चाललं होतं. नवऱ्याचे डोळे पाणावू लागले होते. मुलगी माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. इतक्यात पडद्यावरची ती दोघं गच्चीवर गेली. सूर्य मावळतोय, वारा सुटलाय. मुलानं एक पाऊल पुढे टाकलं.

अंगठा पडला. एकदा, दोनदा, चारदा.

आम्ही बघतो तर यान उडालेलं, मुलगी एकटीच गच्चीवर उभी.

"तो खंय गेलो?" सासूबाई म्हणाल्या. "आणि ह्या चेडू हयच कित्याक रवला?"

"गेला सोडून," नवरा निकाल वाचल्यासारखा म्हणाला. "दूर जाणाऱ्या मुलांचा काय भरवसा? त्यापेक्षा आपलं बोरिवली बरं. स्लो लोकलनं घरी येईल."

आमच्या मुलीचा चेहरा पडला. जी गोष्ट दाखवायला हा सगळा घाट घातला, नेमकी तीच गाळून अध्यक्षांनी उलटा सिनेमा तयार केला होता! मी हसू दाबायला उशी तोंडाशी धरली. आईपण कधीकधी फार कठीण जातं.

"झिला, मागे घे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ते तसलं काहीतरी असेल."

"असांदे. माका पाच पोरां झाली, ती काय पुढे ढकलून?"

अध्यक्षांनी मान खाली घालून मागे घेतलं. आणि काय होतं तिथं? मुलानं पुढे येऊन तिच्या केसांत अडकलेलं वाळकं पान काढलं. बस्स! एवढ्यासाठी आमच्याकडे चाळीस सेकंदांची बंदी आली होती. मग तो काहीतरी बोलला.

"तो विचारतोय," मुलगी सांगू लागली. "दोन वर्षं थांबशील का?"

"खाली सात लिहिलंय," नवरा म्हणाला. आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांच्या फायली तपासलेला माणूस. चूक दिसली की राहवत नाही.

मुलगी पडद्याकडे बघत राहिली, कान लाल. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पंख्याकडे.

"दोन कुठून आलं?" तो हळूच म्हणाला.

"पवईहून," मुलगी म्हणाली.

त्याचा अंगठा रिमोटवर फिरू लागला. सवयच ती. हा प्रसंगही पुढे ढकलता आला तर बघत होता बिचारा. सासूबाईंनी हात लांब करून रिमोट काढून घेतला आणि चित्र थांबवलं. कुठलं बटण ते त्यांना इतकी वर्षं नीट माहीत होतं!

"सांग," नवरा घसा खाकरून मुलीला म्हणाला. "पहिल्यापासून सांग. मधलं काही गाळू नकोस."

तिनं सांगितलं. तासभर लागला, कारण प्रत्येक वाक्याला याची एक शंका. शेवटी त्यानं बोरिवलीला फोन लावला आणि रविवारचं नको म्हणून सांगितलं. कारण विचारल्यावर म्हणाला, "मुलगी दोन वर्षं जरा कामात आहे."

राहिलेला अ‍ॅनिमे आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला. रिमोट सासूबाईंच्या मांडीवर होता. सात वर्षांनी तो मुलगा परत येतो आणि दोघं गच्चीवर एकमेकांना घट्ट मिठी मारतात.

आमचे अध्यक्ष उठून पाणी प्यायला गेले. सासूबाईंनी चित्र थांबवून धरलं, ते परत येईपर्यंत.