नवसाच्या बोकडाला आलेल्या देवी

सायखेड्याच्या विमलाबाई चार शेळ्या, एक बोकड आणि एक अविवाहित मुलगा सांभाळून होत्या. शेळ्यांची त्यांना विशेष काळजी नव्हती. मुलगा गोरक्ष नाशिकच्या द्वारका चौकातून टेम्पो चालवी. त्याची सोयरीक तीनदा मोडली, तेव्हा द्राक्षबागेत मजुरी करणाऱ्या या विधवा बाईने वेशीवरच्या मरीआईला बोकड बोलला.

२००१ साली निफाडच्या सावळीरामांची ललिता गोरक्षाला पसंत पडली. सावळीराम देवाधर्मात काटेकोर होते. फेडायचा राहिलेला नवस नव्या सुनेच्या माथी बसतो, अशी त्यांची धारणा असल्याने आधी बोकड आणि मग लग्न, हा क्रम त्यांनी सुपारीच्या वेळीच ठरवून घेतला. त्याप्रमाणे चैत्रातला मंगळवार नेमला गेला.

तो मंगळवार तोंडावर आला आणि बोकडाने पाला टाकला. अंग तापले, ओठांवर, कानांवर, शेपटीखाली टणक फोड उठले. विमलाबाईंनी एकदाच पाहिले आणि चप्पल दाराबाहेर काढली. देवी आल्या होत्या.

रोगाला आणि देवतेला मराठीने एकच नाव दिले आहे, आणि एरवी त्यात कुणाचे काही अडत नाही. इथे मात्र जिला बळी द्यायचा, तीच बळीच्या अंगावर येऊन बसली होती. घरात फोडणी बंद झाली, गोठ्याला कडुलिंबाचे डहाळे लागले. व्याकरणही बदलले. कालपर्यंत ‘मेला बोकड’ असलेला प्राणी आदरार्थी स्त्रीलिंगात गेला. ‘बोकड आत्ताच निजल्यात, आवाज करू नका,’ असे विमलाबाई शेजारणींना सांगू लागल्या.

ज्याचे लग्न अडले होते, त्या गोरक्षाने जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर मुबीन यांना आणले. त्यांनी बोकड तपासला आणि ही शेळ्यांची देवी असल्याचे शांतपणे सांगितले. देवी अंगावर असलेले जनावर कापू नये, विकू नये, हलवू नये; वेगळे बांधावे; भेटणाऱ्यांनी स्पर्श करू नये. विमलाबाई प्रसन्न झाल्या. इतका शिकलेला माणूस आणि सोवळ्याचे सगळे नियम त्याला पाठ. निरोगी शेळ्यांसाठी आणलेली देवीची लस बर्फाच्या डब्यात आहे, हे कळल्यावर मात्र त्यांनी आईला गारठा बाधणार नाही ना, याची चौकशी केली. डॉक्टरांनी लसीला गारठाच लागतो असे उत्तर दिले, आणि दोघांचेही समाधान झाले.

नवस टाळण्याची ही सबब असावी, या संशयाने सावळीराम स्वतः आले. नवस म्हणजे नवस, त्यात आजारपण येत नाही, असे ते दारातूनच बोलत आत शिरले. विमलाबाईंनी त्यांना गोठ्यापाशी नेले.

“सांगा ना दादा, कुणाला कापू? आन् कुणाच्या म्होरं?”

डहाळ्यांखाली सुजल्या डोळ्यांनी पाहणाऱ्या बोकडाचे सावळीरामांनी दोन्ही हातांनी पाय धरले, तेच हात कपाळाला लावले आणि अट मात्र कायम ठेवून ते निफाडला परतले. गेल्या गेल्या त्यांनी आपल्या शेळ्यांना हाताने पाला घातला.

पुढे खपल्या पडल्या, देवी गेल्या, बोकड वाचला. पण नाकावर व्रण राहिले. मरीआईच्या भगताने व्रणाचे जनावर नाकारले, आणि बोललेल्या बोकडाऐवजी दुसरा देता येत नाही, असेही बजावले. नवस आता फिटण्यासारखा उरला नाही. गोरक्ष आईला इतकेच म्हणाला, की लोकांची लग्नं हुंड्यावर मोडतात, माझं बोकडाच्या नाकावर मोडलं. विमलाबाईंनी सुनेसाठी घेतलेले लुगडे पुन्हा ट्रंकेत ठेवले.

वैशाख उलटताना सावळीराम पुन्हा आले. ते ओसरीवर बसले, पण पाणी घेईनात. त्यांच्या शेळ्यांना देवी आल्या होत्या आणि दोन करडे दगावली होती. तुम्हीच सायखेड्याहून हाताला लावून आणल्यात, असे डॉक्टर मुबीन यांनी त्यांना रागावून सुनावले होते. सावळीरामांना ते पूर्ण पटले होते. फक्त निष्कर्ष त्यांनी स्वतःचा काढला होता.

“विहीणबाई, तुमची आई माझ्या हातावर बसून माझ्या घरी आली. जे घ्यायचं ते तिनं माझ्या गोठ्यातून घेतलं. आता नवस कुणी आन् कुणाला मागायचा?”

विमलाबाई करडांसाठी रडल्या आणि मग पाण्याचा तांब्या त्यांनी पुन्हा पुढे केला. विहीणबाई म्हटल्यावर सोयरीक मोडली असे म्हणता येत नव्हते.

निफाडच्या गोठ्यातल्या खपल्या पडेपर्यंत लग्न थांबले. ते ज्येष्ठात, सायखेड्यातच लागले. डॉक्टर मुबीन यांना दोन्हीकडून आमंत्रण होते. मांडवातला निम्मा समुदाय शेळ्या पाळणारा असल्याचे पाहून त्यांनी दारात साबण आणि पाण्याची घागर ठेवायला लावली, आणि गोठ्यात डोकावलेला कुणीही हात धुतल्यावाचून परत जाऊ नये, असे सावळीरामांना बजावले. सावळीरामांनी ते मनावर घेतले. आधी नवरा-नवरी, मग करवल्या, मग मानाचे पाहुणे, असा क्रम लावून त्यांनी सगळ्या वऱ्हाडाचे हात धुतले. आणि कुणी चुकून डावा हात आधी पुढे केला, तर त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवले.